लाइन पुसली, खुर्च्या रिकाम्याच

न्यू जर्सीत प्रायमरीचे, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या पक्षांतर्गत निवडणुकीचे, दिवस जवळ आले की आमच्याकडच्या मराठी घरांत हल्ली एकच वाद पेटतो. एक बाजू म्हणते, काउंटीचे पक्षाध्यक्ष, त्यांच्या कमिट्या, त्यांची कन्व्हेन्शन्स (प्रतिनिधींच्या सभा) हा सगळा मूठभरांचा कारभार आहे. मतपत्रिकेवरची 'लाइन' गेली तशी ही मंडळीही जाऊ द्या, मतदार आपला उमेदवार आपण निवडतील. दुसरी बाजू म्हणते, लाइन गेली आणि पक्षाचा कणाच मोडला. आता ज्याच्याकडे पैसा किंवा टीव्हीवरचा चेहरा, तो उमेदवार. दोघंही तावातावाने बोलतात आणि दोघांच्याही बोलण्यातून मूळ प्रश्न निसटतो. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. काउंटीतल्या पक्षप्रतिनिधींनी उमेदवारांबद्दल मत द्यावं, उघडपणे आणि ठासून द्यावं. पण त्या मतासाठी सरकारी मतपत्रिकेची मांडणी वाकवली जाऊ नये, आणि ते मत देणारे प्रतिनिधी खरोखर निवडून आलेले असावेत. पहिली अट २०२४ साली न्यायालयाने पुरी करून दिली. दुसरी कुठलंही न्यायालय पुरी करून देऊ शकत नाही. ती पुरी करणं आपल्या हातात आहे आणि नेमकी तीच आपण चर्चेला घेत नाही.

भारतातल्या वाचकांसाठी थोडं विस्ताराने सांगायला हवं. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. न्यू जर्सीत अशा २१ आहेत. प्रत्येक काउंटीत दोन्ही मोठ्या पक्षांची काउंटी कमिटी असते. मतदान केंद्रागणिक जी छोटी वस्ती धरली जाते, तिथून बहुतेक ठिकाणी दोन सदस्य या कमिटीवर जातात, आणि त्यांना पक्षाचे मतदार प्रायमरीतच निवडतात. हे सदस्य काउंटीचा अध्यक्ष निवडतात. कन्व्हेन्शन भरतं तेव्हा मत देणारे प्रतिनिधी मुख्यतः हेच असतात. जोडीला पक्षाचे निवडून आलेले पदाधिकारी. कागदावर याहून लोकशाही रचना शोधून सापडणार नाही. पण २१ पैकी १९ काउंट्यांत एक खास सोय होती. काउंटी संघटनेने ज्यांना पाठिंबा दिला, ते सगळे उमेदवार, राष्ट्राध्यक्षपदापासून गावच्या कौन्सिलपर्यंत, मतपत्रिकेवर एकाच रांगेत किंवा एकाच स्तंभात छापले जात. हीच ती लाइन. बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात, कधी मधे मोकळे रकाने सोडून, कधी आपल्या पदाशी काही संबंध नसलेल्या उमेदवाराखाली. राजकारणातले लोक त्या कोपऱ्याला 'बॅलटचा सैबेरिया' म्हणत. आणि मतपत्रिकेची ही मांडणी ठरवणारा काउंटी क्लार्क स्वतः पक्षाच्या तिकिटावर निवडून आलेला असे. सेलम आणि ससेक्स या दोनच काउंट्यांत ही पद्धत नव्हती. रटगर्स विद्यापीठातल्या ज्युलिया सॅस रुबिन यांनी काउंट्यांची तुलना करून दाखवलं की त्याच उमेदवाराला लाइन मिळालेल्या काउंटीत आणि न मिळालेल्या काउंटीत पडणाऱ्या मतांत सरासरी ३० टक्क्यांहून मोठी तफावत असे. माणूस तोच, प्रचार तोच, फरक फक्त कागदावरच्या जागेचा. याला लोकमत कसं म्हणायचं?

२२ सप्टेंबर २०२३ रोजी सिनेटर बॉब मेनेंडेझ यांच्यावर भ्रष्टाचाराचं आरोपपत्र आलं. दुसऱ्याच दिवशी काँग्रेस सदस्य अँडी किम यांनी त्यांच्या जागेसाठी उमेदवारी जाहीर केली. नोव्हेंबरमध्ये गव्हर्नर फिल मर्फी यांच्या पत्नी टॅमी मर्फी उतरल्या. त्यांनी याआधी एकही निवडणूक लढवलेली नव्हती, तरी मोठमोठ्या काउंट्यांच्या अध्यक्षांचे पाठिंबे भराभर जाहीर झाले. लाइनचं माप त्यांच्या पदरात पडणार हे जवळजवळ ठरलेलं होतं. पुढे जे घडलं ते वादातल्या दोन्ही बाजूंनी पुन्हा एकदा नीट आठवावं. फेब्रुवारी २०२४ मध्ये मॉनमथ काउंटीचं कन्व्हेन्शन भरलं. ही मर्फी कुटुंबाची घरची काउंटी. प्रतिनिधींनी गुप्त मतदान केलं आणि कौल स्पष्टपणे किम यांच्या बाजूने गेला. त्यानंतर बर्लिंग्टन, हंटरडन अशा ठिकाणीही किम जिंकले. बर्गनच्या कन्व्हेन्शनमध्ये टॅमी मर्फी जिंकल्या, हेही सांगायला हवं. तरीही २४ मार्चला त्यांनी माघार घेतली. लाइनच्या विरोधात किम आधीच न्यायालयात गेले होते. राज्याच्या ॲटर्नी जनरलनी या पद्धतीचा बचाव करायला नकार दिला, आणि २९ मार्चला न्यायाधीश झाहिद कुरेशी यांनी डेमोक्रॅटिक प्रायमरीपुरती लाइन थांबवली.

आपल्याकडे हा सगळा प्रसंग 'जनता विरुद्ध बॉस' अशा एका ओळीत सांगितला जातो. त्यात मधला महत्त्वाचा दुवा गळतो. न्यायालयाचा निकाल मार्चअखेर आला. अध्यक्षांच्या निवडीला पहिला तडा गेला तो त्याआधी सहा-सात आठवडे, एका काउंटीच्या कन्व्हेन्शनमध्ये. तो पाडला शाळेच्या पार्किंगमध्ये पत्रकं वाटणाऱ्या, दारोदार हिंडणाऱ्या, आपल्या गल्लीतल्या कोणत्या घरात कोण मत देतं हे ठाऊक असलेल्या साध्या प्रतिनिधींनी. अध्यक्ष काय म्हणतात ते त्यांना माहीत होतं. मत गुप्त होतं, म्हणून त्यांनी स्वतःचं डोकं वापरलं. ज्या काउंट्यांत प्रतिनिधींना विचारलंच गेलं नाही, अध्यक्षाचा शब्द हाच निर्णय होता, तिथे असं काही घडायला वावच नव्हता. मग 'कन्व्हेन्शन बंद करा' असं म्हणताना आपण कोणाचे हात बळकट करत असतो? प्रतिनिधींची सभा उठली की अध्यक्ष काही नाहीसा होत नाही. तो तसाच उरतो, फक्त त्याला जाब विचारणारी जागा जाते.

पक्षाने प्रायमरीत तोंडच उघडू नये, असंही काहीजण म्हणतात. ही मागणीही जुनीच आहे. कॅलिफोर्नियात एके काळी तसा कायदा होता: प्रायमरीपूर्वी पक्षाच्या समित्यांनी कोणालाही पाठिंबा द्यायचा नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या डेमोक्रॅटिक काउंटी समितीने त्याविरुद्ध दाद मागितली आणि १९८९ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला, एकाही न्यायाधीशाच्या विरोधाशिवाय. चार माणसं एकत्र येऊन 'आम्हांला हा उमेदवार योग्य वाटतो' म्हणू शकत नसतील, तर भाषणस्वातंत्र्य उरलं कुठे? १९८९ चा निकाल आणि २०२४ चा निकाल शेजारी ठेवून वाचले की मला उत्तर स्वच्छ दिसतं. बोलण्याचा हक्क पक्षाचा. मतपत्रिका सगळ्यांची. आजही उमेदवाराला आपल्या नावासोबत मोजक्या शब्दांचं घोषवाक्य देता येतं आणि काहीजण त्यात काउंटी संघटनेचं नाव घालतात. माझी त्याला हरकत नाही. तो शब्द मतदार वाचतो, तोलतो, पटला तर घेतो. लाइन मात्र मतदाराचं बोट धरून त्याला एका रांगेतून खाली ओढत नेत असे.

आता विरोधातला सगळ्यात भक्कम मुद्दा. प्रतिनिधी मतदारांसारखे नसतात. ते अधिक कडवे असतात, अधिक रिकामा वेळ असलेले असतात, आणि चारशे-पाचशे माणसांनी लाखोंच्या वतीने बोलणं मुळातच धोक्याचं. हा मुद्दा खरा आहे आणि त्याचा पुरावा युटाहमध्ये ठसठशीत दिसतो. तिथल्या रिपब्लिकन पक्षात मतदान केंद्रांवरच्या बैठकांतून प्रतिनिधी निवडले जातात, ते काउंटीच्या आणि राज्याच्या कन्व्हेन्शनला जातात. २०१० साली अशाच सुमारे साडेतीन हजार प्रतिनिधींनी तीन वेळा निवडून आलेले सिनेटर बॉब बेनेट यांना बाद केलं. सामान्य रिपब्लिकन मतदाराला त्यांच्याबद्दल मत देण्याची वेळच आली नाही. २०२४ मध्ये गव्हर्नर स्पेन्सर कॉक्स यांना कन्व्हेन्शनमध्ये जेमतेम एक तृतीयांश मतं पडली. फिल लायमन यांना त्यांच्या दुप्पट. दोन महिन्यांनी प्रायमरी झाली आणि त्याच पक्षाच्या मतदारांनी कॉक्स यांना निवडलं. प्रतिनिधींचं मत आणि मतदारांचं मत यांत एवढी दरी असेल, तर प्रतिनिधी हवेतच कशाला?

पण बेनेट आणि कॉक्स यांच्या नशिबात फरक का पडला, हे तपासा. दोन्ही वेळा प्रतिनिधी कडवेच होते. मधल्या काळात, २०१४ साली, युटाहने कायदा बदलला होता. कन्व्हेन्शनच्या जोडीला मतदारांच्या सह्या गोळा करूनही मतपत्रिकेवर येता येईल, अशी दुसरी वाट खुली झाली. कॉक्स त्या वाटेने आले. म्हणजे प्रतिनिधींकडून दाराची किल्ली काढून घेतली, त्यांचा आवाज ठेवला. दार अडवणारा माणूस आणि दारात उभा राहून सल्ला देणारा माणूस यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. सल्ला चुकीचा असू शकतो. मतदार तो झुगारतात. त्यात बिघडलं काय?

सल्ल्याची गरजच नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी आपली जूनची मतपत्रिका आठवावी. गव्हर्नर, सिनेटर ही नावं ओळखीची. पण काउंटी कमिशनर? शेरीफ? वारसाहक्काची आणि मृत्युपत्रांची कामं बघणारा सरोगेट? या पदांवरच्या माणसांबद्दल आपल्याला माहिती कुठून मिळते? पूर्वी स्थानिक दैनिकं होती. २०२५ च्या फेब्रुवारीत हडसन काउंटीचं दीडशे वर्षांहून जुनं जर्सी जर्नल बंद पडलं आणि स्टार-लेजरची छापील आवृत्तीही थांबली. आता काउंटीच्या बजेटच्या बैठकीला शेवटपर्यंत बसून राहणारा माणूस कोण? बहुतेकदा तोच, काउंटी कमिटीवरचा सदस्य. कोण तयारी करून येतं, कोण नुसतं फोटोपुरतं येतं, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. ते ज्ञान मतदारांपर्यंत पोचायला कुठली तरी सभा, कुठला तरी ठराव लागतो.

दुसरा आक्षेप इतिहासाचा. काउंटी संघटना म्हटलं की जर्सी सिटीचे फ्रँक हेग आठवतात. १९१७ ते १९४७, सलग तीस वर्षं महापौर. शहराच्या नोकरांच्या पगारातून ३ टक्के पक्षाला द्यावे लागत, आणि हडसन काउंटीच्या मतांवर गव्हर्नर ठरत. हा इतिहास कोणी नाकारू नये. पण त्याच्या आधीचं पान उलटून बघा. सप्टेंबर १९१० मध्ये ट्रेन्टनला डेमोक्रॅटिक पक्षाचं राज्य कन्व्हेन्शन भरलं आणि जेम्स स्मिथ या बड्या बॉसच्या बळावर प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष वुड्रो विल्सन गव्हर्नरपदाचे उमेदवार झाले. निवडून आल्यावर विल्सन त्याच स्मिथसमोर उभे ठाकले. सिनेटसाठी झालेल्या प्रायमरीत लोकांनी जेम्स मार्टीन यांना कौल दिला होता. तो बंधनकारक नव्हता, तरी विल्सननी तोच पाळायला लावला आणि स्मिथना सिनेटची जागा मिळू दिली नाही. मग १९११ साली गेरान कायदा आला. उमेदवार निवडणं कन्व्हेन्शनकडून काढून थेट प्रायमरीकडे गेलं. आज जे लोक मागतात, तेच. आणि त्यानंतर काय झालं? हेग यांची महापौरपदाची सगळी कारकीर्द या सुधारणेच्या नंतरची आहे. कन्व्हेन्शन गेलं, बॉस राहिला. त्याने प्रायमरी ताब्यात घेतली, कमिटीच्या खुर्च्या आपल्या पगारदारांनी भरल्या, आणि पुढे मतपत्रिकेची मांडणीच संघटनेच्या दिमतीला आली. ज्या गोष्टीवर आपण हल्ला करतो आणि जिथे सत्ता खरी मुरलेली असते, त्या दोन जागा वेगळ्या असू शकतात, हे न्यू जर्सीने शंभर वर्षांपूर्वीच पाहिलंय.

याच राज्यात, अटलांटिक सिटीला, ऑगस्ट १९६४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचं राष्ट्रीय अधिवेशन झालं. मिसिसिपीतून ६८ प्रतिनिधी आले होते, मिसिसिपी फ्रीडम डेमोक्रॅटिक पार्टीचे. त्या राज्यात पक्षाच्या बैठका वस्तीपासून काउंटीपर्यंत आणि काउंटीपासून राज्यापर्यंत चढत जात, आणि पहिल्याच पायरीवर कृष्णवर्णीयांना दार बंद होतं. काही ठिकाणी ते बैठकीला गेले तर आत घेतलं नाही, काही ठिकाणी ठरल्या जागी बैठकच नव्हती. तेव्हा त्यांनी स्वतःच्या बैठका भरवल्या, सगळ्यांना खुल्या, खालपासून वरपर्यंत नियमाने. शेतमजुरी केलेल्या फॅनी लू हेमर यांनी अधिकारपत्र समितीसमोर साऱ्या देशाला ऐकू जाईल अशी साक्ष दिली: मतदार म्हणून नाव नोंदवायला गेलो, म्हणून जमिनीवरून हुसकलं; तुरुंगात मारहाण झाली. पक्षाने त्यांना दोन जागा देऊ केल्या आणि त्यांनी त्या नाकारल्या. पण पुढच्या अधिवेशनापासून वंशभेद करणाऱ्या शिष्टमंडळांना थारा मिळणार नाही, हे तिथेच ठरलं. हेमर आणि त्यांच्या सोबत्यांइतका प्रतिनिधी-पद्धतीचा जाच कोणी सोसला असेल? तरी त्यांची मागणी पद्धत मोडण्याची नव्हती. त्यांना वस्तीच्या बैठकीत खुर्ची हवी होती, कारण सगळी वाट तिथून सुरू होते, हे त्यांना अनुभवाने कळलं होतं.

मराठी माणसाला हे नवं वाटायला नको. १९०७ ची काँग्रेस नागपूरला भरायची होती, तिथे टिळकांचा जोर होता, म्हणून ती सुरतेला हलवली. अध्यक्ष कोण, कसा निवडायचा, यावरून टिळक बोलायला उभे राहिले आणि मांडवात जोडा उडाला, खुर्च्या उडाल्या, अधिवेशन मोडलं. नियम कोणाच्या हातात, यावरची ती लढाई होती. तिचं खरं उत्तर तेरा वर्षांनी, १९२० च्या नागपूर अधिवेशनात आलं. चार आण्यांचा सभासद, गाव-तालुका-जिल्हा-प्रांत अशा समित्यांची उतरंड, लोकसंख्येच्या प्रमाणात प्रतिनिधी. अधिवेशन बिघडलं म्हणून अधिवेशनं बंद केली नाहीत. पायथा रुंद केला.

लाइन गेल्याने पक्ष कोसळला म्हणणाऱ्यांचं उत्तर त्यामानाने थोडक्यात देता येतं. मार्च २०२५ मध्ये पदवार मांडणीचा, म्हणजे एका पदाचे सगळे उमेदवार एकत्र छापण्याचा, कायदा झाला. त्यावर सही केली फिल मर्फी यांनीच. जूनमध्ये गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत सहा जण होते. अनेक मोठ्या काउंटी संघटनांचा पाठिंबा असलेल्या मिकी शेरिल सुमारे ३४ टक्के मतांनी जिंकल्या. दक्षिणेकडच्या संघटनांचे स्टीव्ह स्वीनी सहावे आले. शॉन स्पिलर यांच्यासाठी शिक्षक संघटनेच्या पैशावर चाललेल्या गटाने ३ कोटी डॉलरहून अधिक खर्च केला, ते पाचवे. संघटनेचा शब्द कुठे चालला, कुठे नाही. एकटा पैसा तर चाललाच नाही. ३४ टक्क्यांवर उमेदवार ठरावा का, हा प्रश्न रास्त आहे आणि त्यावर पसंतीक्रमाच्या मतदानाचा विचार व्हायला हवा. पण पक्ष मोडल्याचं हे चित्र नव्हे.

मग घोडं अडलंय कुठे? काही वर्षांपूर्वी प्रायमरीच्या मतपत्रिकेवर मी अगदी तळाशी नजर टाकली. काउंटी कमिटी सदस्य, जागा दोन. एका जागेसमोर एक नाव. दुसऱ्या जागेसमोर नावाऐवजी छापलं होतं: अर्ज आलेला नाही. त्या मतदान केंद्राच्या हद्दीत आमची मराठी कुटुंबंच कितीतरी राहतात. गणपतीच्या पाच दिवसांसाठी आम्ही मांडवापासून मोदकांपर्यंत शेकडो हातांची कामं वाटून घेतो, नाटकाच्या तालमींना तीन-तीन महिने गाड्या हाकत जातो. काही शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन एक अर्ज भरायला आमच्यातल्या कोणाला सुचलं नाही. मलाही नाही. अशी जागा रिकामी राहिली की ती गावच्या कमिटीतले उरलेले सदस्य भरतात, आणि उरलेले सदस्य सहसा अध्यक्षाने सुचवलेल्या नावाला मान डोलावतात. पुढे तो सदस्य कन्व्हेन्शनला कोणाच्या बाजूने बसेल? अध्यक्षाची ताकद बहुतांशी अशाच खुर्च्यांवर उभी असते. ती त्याने हिसकावलेली नसते, आपण न मागता दिलेली असते.

आपण तिकडे भारतात पाहत आलो की तिकीट वरून येतं. शेवटच्या रात्री एबी फॉर्म कोणाच्या हातात पडेल, ते मुंबईत नाहीतर दिल्लीत ठरतं. वॉर्डातल्या कार्यकर्त्याने सतरंज्या उचलायच्या. ती सवय घेऊन आपण इथे आलो आणि पक्ष म्हणजे दुसऱ्याचं घर असं धरून चाललो. इथल्या कायद्याने मात्र त्या तळाच्या जागेला फार मोठा हक्क दिलाय. न्यू जर्सीत विधिमंडळाची एखादी जागा मधेच रिकामी झाली, तर त्या आमदाराच्या पक्षाचे त्या मतदारसंघातले काउंटी कमिटी सदस्य मत देऊन तात्पुरता आमदार निवडतात. २०२१ च्या जानेवारीत मिडलसेक्स काउंटीत असंच झालं आणि भारतीय वंशाचे स्टर्ली स्टॅन्ली असेंब्लीत पोचले. मॉनमथचे राज्य सिनेटर विन गोपाल आधी तिथल्या काउंटी पक्षाचे अध्यक्ष होते. हडसनच्या बॉसगिरीबद्दल तासभर बोलणाऱ्या किती जणांना आपल्या मतदान केंद्राचा कमिटी सदस्य कोण, हे सांगता येईल?

वेळ कुठून काढायचा, असं विचारणारे खोटं बोलत नाहीत. दोन नोकऱ्या, मुलांचे क्लास, भारतातले आजारी आईवडील, आणि अजून हातात न आलेलं नागरिकत्व. नागरिकत्व नसलेल्यांना ही जागा लढवताच येत नाही, म्हणून ज्यांना ते मिळालंय त्यांच्यावर भार अधिक. पण हे काम वर्षाकाठी काही संध्याकाळींचं आहे, आणि त्यातली सगळ्यात मोलाची संध्याकाळ प्रायमरीनंतर साधारण आठवडाभरातच येते. नवी कमिटी जमते आणि अध्यक्ष निवडते. यंदा मी आमच्या मतदान केंद्राच्या दुसऱ्या जागेसाठी अर्ज भरलाय. सह्यांसाठी अकरा दारं वाजवली; त्यांतल्या आठ घरांनी पहिला प्रश्न तोच विचारला, जो कधीकाळी मीही विचारला असता: अशी जागा असते?